वाळू, झरे आणि नावे

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेचे भूगोलाचे शिक्षक पंधरा दिवस रजेवर होते. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसले की वर्गावर जाण्याची सवय सुटते. म्हणून ही संधी साधून नववीचा तास मी स्वतःकडे घेतला. आशियाचा नकाशा फळ्यावर टांगला होता. तिबेटच्या उत्तरेला एक मोठा पिवळा डाग होता आणि त्यावर ‘तकलामकान’ एवढा एकच शब्द होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, इथं काहीच नाही काय?”

“वाळवंट आहे ते. वाळूशिवाय काही नाही,” असे उत्तर देऊन मी मोकळा झालो. तास संपला, पण ते उत्तर काही केल्या मनातून जाईना. माझे एम. ए. मराठीतले. भूगोल मी शाळेत शिकलो तेवढाच. तरीसुद्धा ‘काही नाही’ हे शब्द शिक्षकाने इतक्या सहज उच्चारू नयेत असे वाटत राहिले. त्या अस्वस्थतेतूनच ऑरेल स्टाइन यांचा ‘रुइन्स ऑफ डेझर्ट कॅथे’ हा १९१२ साली लंडनहून दोन खंडांत प्रसिद्ध झालेला प्रवासग्रंथ मी हाती घेतला आणि पावसाळाभर वाचत राहिलो. या लेखात त्या ग्रंथाविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

स्टाइन यांच्याविषयी आपल्याकडे दोन ठरलेली मते आहेत. एक मत त्यांना थोर संशोधक म्हणते. दुसरे मत त्यांना दुनहुआंगच्या गुहेतील पोथ्या उचलून नेणारा परकीय म्हणते. दोन्ही मतांना आधार आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. पण दोन्ही बाजूंचे वाचक या ग्रंथातली गुहेची प्रकरणे तेवढी वाचतात आणि उरलेली पाने भराभर उलटतात असा माझा अनुभव आहे. त्या उरलेल्या पानांत हा माणूस शांतपणे एक काम करीत राहतो. ते काम म्हणजे नकाशा काढणे. माझ्या मते या ग्रंथाचे खरे सामर्थ्य तिथे आहे आणि त्याचे खरे उणेपणही तिथेच सापडते.

प्रथम लेखकाची ओळख. स्टाइन यांचा जन्म १८६२ साली बुडापेस्टला झाला आणि १९४३ साली काबूलमध्ये त्यांचे निधन झाले. तरुणपणी हंगेरीत सैनिकी शिक्षणाचे एक वर्ष त्यांना पुरे करावे लागले आणि त्यात भूमापनाची विद्या हाती लागली. १८८८ साली ते लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजचे प्राचार्य झाले. म्हणजे मूळचे हे आमच्याच बिरादरीतले, शाळा-कॉलेजच्या वेळापत्रकात अडकलेले गृहस्थ! सुट्टी लागली की ते काश्मीर गाठीत. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’ची संहिता त्यांनी १८९२ साली संपादित केली आणि १९०० साली तिचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्या कामासाठी ते काश्मीरच्या गावागावांतून पायी हिंडले. संस्कृत ग्रंथातले स्थळनाम आजच्या खेडुताच्या तोंडी कोणत्या रूपात उरले आहे, ते कानांनी ऐकून त्यांनी कित्येक जुन्या जागा निश्चित केल्या. नाव हा पुरावा असतो आणि तो लोकांच्या जिभेवर टिकतो, ही समज त्यांना पोथीने दिली. ती घेऊनच ते वाळवंटात उतरले.

आता ते वाळवंट. उत्तरेला तिएनशान, दक्षिणेला कुनलुन आणि पश्चिमेला पामीर अशा पर्वतांच्या कुशीत तारीमचे खोरे आहे. त्याचा तळ समुद्रसपाटीपासून साधारण आठशे ते चौदाशे मीटर उंचीवर आहे. मधोमध तीन लाख चौरस किलोमीटरांहून मोठे तकलामकान पसरले आहे. कुनलुनच्या हिमनद्यांतून निघालेल्या नद्या उत्तरेकडे धावतात आणि खोतान नदीसारखा अपवाद सोडला तर बहुतेक वाळूतच संपतात. काही पाणी डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांत मुरते आणि मैलोगणती पुढे झऱ्यांच्या रूपाने वर येते. अशा पाण्याला तिथले लोक ‘कारा-सू’, म्हणजे काळे पाणी, म्हणतात. पूर्वेला लोप नोरचा मिठाने कडक झालेला तळ आहे. त्याच्या उत्तरेला ‘कुरुक-ताग’ आहे. त्या नावाचा अर्थच कोरडा डोंगर. या कोरड्या डोंगराच्या पायथ्याशी एक जागा आहे, ‘अल्तमिश-बुलाक’. तुर्की भाषेत अल्तमिश म्हणजे साठ आणि बुलाक म्हणजे झरा. साठ झरे! पाणी खारट, भोवती थोडे बोरू. पण उंटांचा काफिला तिथे पोहोचला की जगला आणि न पोहोचला तर मेला. ‘इथं काहीच नाही काय?’ या प्रश्नाचे उत्तर असे साठ झऱ्यांचे होते.

अशा प्रदेशाचा नकाशा काढायचा म्हणजे काय, हे ग्रंथ वाचताना हळूहळू उमगते. तिपाईवर एक सपाट फळी असते. तिला प्लेन टेबल म्हणतात. तिच्यावर कागद ताणून बसवायचा, ठाऊक असलेल्या शिखराकडे पट्टी रोखून रेघ ओढायची, मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन त्याच शिखराकडे दुसरी रेघ ओढायची. रेघा जिथे छेदतील तिथे ते शिखर. रात्री ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश काढायचे आणि पाणी किती उष्णतेला उकळते ते पाहून उंची काढायची. डोंगराळ मुलखात हे जमते. पण वाळूच्या टेकड्यांत रेघ रोखायची कशाकडे? एक टेकडी दुसरीसारखी दिसते आणि धुळीने आठ-आठ दिवस क्षितिज दिसत नाही. मग होकायंत्राच्या दिशेने पावलांचे अंतर मोजत जायचे. उंच वाळूच्या रांगांना स्टाइन स्थानिक शब्दानेच ‘दावान’ म्हणतात. दावानावर चढून, मेलेल्या पॉप्लरच्या झाडांच्या ओळी आणि झाऊच्या मुळांनी धरून ठेवलेले वाळूचे उंचवटे यांवरून जुन्या नदीचा काठ ओळखायचा. हे सारे हिवाळ्यात, कारण हिवाळ्यात पाणी बर्फाच्या रूपात गोणीत भरून उंटावर लादता येते.

फळीपाशी उभे राहणारे हात भारतीय सर्वेक्षण खात्यातल्या माणसांचे होते. ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभकर्ता विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला काम करता करता वारला, त्याच परंपरेतली ही माणसे. पहिल्या मोहिमेत आणि दुसरीच्या आरंभी राम सिंग हे सर्वेक्षक होते. संधिवाताने ते जेरीस आले, तेव्हा १९०७ साली त्यांच्या जागी लाल सिंग आले आणि तिसऱ्या मोहिमेतही तेच होते. तिन्ही मोहिमांचे काम शेवटी ४७ पत्र्यांच्या नकाशात एकत्र झाले आणि त्यासोबतचे विवरण १९२३ साली डेहराडूनहून प्रसिद्ध झाले. प्रमाण पाच लाखांस एक. झरा, विहीर, मेलेली नदी, दावान, सगळे त्यात नावानिशी आहे.

ग्रंथ म्हणून या लेखनाची परीक्षा करायची तर मला दोन प्रसंग शेजारी ठेवावेसे वाटतात. पहिला १९०६ सालच्या डिसेंबरातला. स्टाइन लौलानच्या अवशेषांच्या शोधात लोपच्या उजाड प्रदेशात शिरले. ते अवशेष स्वीडनच्या स्वेन हेडिन यांनी १९०० साली पाहिले होते. (खरे तर हेडिनच्या पथकातला ओर्देक नावाचा स्थानिक माणूस विसरलेले फावडे आणायला मागे गेला, वादळात वाट चुकला आणि त्याला ते आधी दिसले.) वाटेत खुणेची एकही जागा नव्हती. हेडिनचा नकाशा आणि होकायंत्र एवढ्यावर स्टाइन चालत राहिले आणि नकाशात दाखवले होते त्याच जागी अवशेष सापडले. प्रतिस्पर्ध्याच्या अचूकपणाला त्यांनी मनमोकळी दाद दिली आहे.

दुसरा प्रसंग १९०८ सालच्या आरंभीचा. उत्तरेकडून तकलामकान ओलांडून केरिया नदीचे टोक गाठायचे होते. हेडिन १८९६ साली त्या नदीने उलट दिशेने उत्तरेकडे गेले होते. नकाशा त्याच हेडिनचा आणि विश्वासही तोच. पण जिथे नदी असायला हवी तिथे सुकलेल्या प्रवाहांचे जाळे आणि मेलेले रान एवढेच होते. पाणी नाही. बरोबरची माणसे धीर सोडू लागली, घोडी थकली, बर्फ संपत आला. दावानावर चढून पाहावे तर चारी बाजूंना वाळू. शेवटी नदीचा गोठलेला पाट दिसला, पण तो हेडिनच्या नकाशातल्या जागी नव्हता. मधल्या बारा वर्षांत नदीने आपले पात्र बदलले होते.

हे प्रकरण मी तीनदा वाचले. स्टाइन इथे आरडाओरडा करीत नाहीत आणि स्वतःच्या धैर्याची फुशारकीही मारीत नाहीत. हेडिनला बोल लावीत नाहीत. नकाशा खोटा नव्हता. नदी हलली होती, एवढेच ते सांगतात. आपण काय पाहिले, काय केवळ अंदाजाने धरले, कोठे चुकलो, हे ते वेगवेगळे ठेवतात. लौलानचे अवशेष जागचे हलले नाहीत म्हणून नकाशाने तारले. पाणी हलले म्हणून त्याच प्रामाणिक नकाशाने जवळजवळ बुडवले. या दोन प्रसंगांतून जे कळते ते कोणत्याही सुविचारापेक्षा मोलाचे आहे. मेलेल्या वस्तूंचा नकाशा जुना झाला तरी चालतो. जिवंत वस्तूंचा नकाशा पुन्हा पुन्हा काढावा लागतो.

आता उणेपण. मोजमाप करतानाची ही नितळ भाषा दुनहुआंगच्या गुहेपाशी येताच बदलते, हा माझा मुख्य आक्षेप आहे. १९०७ सालच्या मे-जूनमध्ये वांग नावाच्या गरीब ताओपंथी साधूकडून स्टाइन यांनी पोथ्यांच्या २४ आणि चित्रे, भरतकाम वगैरेंच्या ५ पेट्या मिळवल्या. इ. स. ८६८ ही तारीख असलेली छापील ‘वज्रच्छेदिका’ त्यांतच होती. एकूण खर्च १३० पौंडांच्या आसपास. स्टाइन हा सौदा लपवीत नाहीत, हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. पण ह्यू-एन-त्संगाच्या भक्तीचा आधार घेऊन साधूचे मन कसे वळवले, हे सांगताना त्यांचे वाक्य गोड होते, हळूच हसते, वाचकाला आपल्या बाजूला ओढू पाहते. जो लेखक वाळूत ‘इथे माझी खात्री नाही’ असे सरळ लिहितो, तोच इथे आपल्या हक्काविषयी तसा प्रश्न स्वतःला विचारीत नाही. त्यांना चिनी भाषा येत नव्हती. आपण काय उचलीत आहोत हे त्यांना तेव्हा पुरते वाचता येत नव्हते. कायद्याचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. शैलीचा करू शकतो. भाषा जिथे विनाकारण मृदू होते तिथे लेखकाचे मन अवघडलेले असते, असे मी वर्गात मुलांना निबंध तपासताना सांगत आलो आहे. थोर लेखकालाही तोच नियम लागू करायला हरकत नसावी.

दुसरा आक्षेप माणसांविषयी. नाईक राम सिंग (हे सर्वेक्षक राम सिंग नव्हेत) बेंगाल सॅपर्स पलटणीतले कुशल कारागीर होते. मीरान येथील भित्तिचित्रांचे छायाचित्रण पुरे करण्यासाठी स्टाइन यांनी त्यांना पाठवले. तिथे काचबिंदूने त्यांचे आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याचे तेज गेले. ते आंधळे होऊन परतले आणि १९०९ सालच्या अखेरीस पंजाबात वारले. स्टाइन यांनी खटपट करून त्यांना व पुढे त्यांच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळवून दिले. ही हकीकत ग्रंथात आहे आणि ती मनापासून लिहिली आहे. तरीही वाचताना रुखरुख लागते. लाल सिंगांच्या चिकाटीची स्तुती आहे, नाईकांच्या निष्ठेची स्तुती आहे. पण ती स्तुती वरून खाली येणारी आहे. शून्याखालच्या थंडीत फळीपाशी उभे राहून बोटे बधिर झाली असता रेघ सरळ ओढणाऱ्या माणसाला त्या वाळूत काय दिसले, काय वाटले, हे आपल्याला स्टाइन यांच्याच लेखणीतून कळते. नकाशा लाल सिंगांचा, पण आवाज मात्र एकट्या स्टाइन यांचा.

त्याहूनही मागे उभी आहेत नावे सांगणारी माणसे. लोपच्या परिसरातले मुल्ला आणि तोख्ता आखून, कुरुक-तागमधल्या सिंगेर गावचा अब्दुर्रहीम हा शिकारी (तो आधी हेडिनच्या आणि पुढे तिसऱ्या मोहिमेत स्टाइन यांच्या पथकाच्या उपयोगी पडला), नियाला पहिल्या लाकडी पाट्या सापडलेला इब्राहिम: काहींचा उल्लेख येतो, पुष्कळांचा येत नाही. स्टाइन यांचा मोठेपणा असा की त्यांनी झऱ्यांना आणि टेकड्यांना राजेराण्यांची किंवा आपल्या वरिष्ठांची नावे देत बसण्याचा उद्योग केला नाही. मेंढपाळ जे म्हणत होता ते लिहून घेतले. म्हणून बुलाक, कुदुक, दर्या, ताग हे शब्द नकाशात जिवंत राहिले. पण कोणत्या झऱ्याचे नाव कोणाच्या तोंडून घेतले, हे त्यांनी बहुधा सांगितले नाही. नकाशावर तशी सोय नसते हे मान्य. दोन जाड खंडांत मात्र होती.

नावांच्या बाबतीत आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. निया नदी जिथे वाळूत संपते त्याच्याही पुढे स्टाइन यांना १९०१ साली एक बुजलेले गाव सापडले. तिथे शेकडो लाकडी पाट्या निघाल्या. दोन फळ्या एकमेकींवर ठेवून, दोरीने बांधून, मातीची मुद्रा उमटवून पाठवलेली ही सरकारी पत्रे होती. लिपी खरोष्ठी आणि भाषा प्राकृत, म्हणजे वायव्य भारतातली. आपल्या मराठीचा उगम ज्या महाराष्ट्रीत सांगतात तिची ही लांबची बहीण. महाराजाला तीत ‘महरय’ म्हटले आहे. ते आपल्यापैकी कोणालाही कोशाशिवाय कळेल. पण त्याच पत्रांत अधिकाऱ्याला ‘कोझ्बो’ म्हटले आहे आणि हा शब्द भारतीय नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकात त्या गावात कचेरी एका भाषेत चालत होती आणि लोक घरात दुसरी बोलत होते. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या आपणां मंडळींना हे चित्र परके वाटू नये. त्या गावाचे खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. ते पाट्यांतूनच वाचले गेले: चडोत. पाणी सरले, माणसे गेली, दीड हजार वर्षे वाळू साचली, आणि नाव मात्र एका कारकुनाने लाकडावर लिहिले होते म्हणून परत आले.

ज्या नावांना असा कारकून मिळाला नाही त्यांचे काय झाले? लोप नोरचेच पाहावे. नकाशावर तो प्रदेश जगाला ‘रिकामा’ दिसत होता. १९६४ साली चीनने आपली पहिली अणुचाचणी लोप नोरच्या मुलखातच केली आणि १९९६पर्यंत तिथे चाचण्या होत राहिल्या. सरोवरही आटून गेले. पुढे १९९५ साली तकलामकान ओलांडणारा डांबरी रस्ता झाला आणि २०२४ साली वाळवंटाभोवती तीन हजार किलोमीटरांहून लांब झाडांचा पट्टा पुरा झाल्याचे चीनने जाहीर केले. त्याची शेवटची रोपे केरियाच्या परिसरातच लावली गेली. बरेवाईट सगळेच घडले. एवढे मात्र खरे की, ज्या जागेविषयी ‘तिथे काही नाही’ असे आधी म्हटले जाते तिथे काहीही करायला कोणाला संकोच वाटत नाही. हा दोष स्टाइन यांचा नव्हे. उलट त्यांनी त्या पिवळ्या डागावर साठ झरे दाखवले. दोष माझ्यासारख्या वाचकाचा आहे, जो लहान पुस्तकातला नकाशा पाहून मुलीला ‘काही नाही’ सांगतो.

हे लिहिताना माझी स्वतःची एक जुनी चूक मला कबूल केली पाहिजे. तीसएक वर्षांपूर्वी, मी नवा शिक्षक असताना, पाचवीच्या मुलांना आपल्या गावाचा नकाशा काढून आणायला सांगितले होते. गावात एक मोठी पायऱ्यांची विहीर होती. आम्ही मराठी आळीतले लोक तिला ‘थोरली विहीर’ म्हणत असू. एका मुलाने तिच्यापुढे ‘दोड्ड बावी’ असे लिहिले. त्याची आई कानडी बोलणारी, घरात दोन्ही भाषा चालत. मी ते शब्द तांबड्या शाईने खोडले, वर ‘थोरली विहीर’ लिहिले आणि एक गुण कापला. मुलगा काही बोलला नाही. दोन्ही नावांचा अर्थ अगदी एकच होता, हे मला तेव्हाही कळत होते. पण आमच्या भागात नाव कोणत्या भाषेत लिहायचे हा प्रश्न किती हळवा आहे, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. त्या वातावरणात मी नकाशा तपासला नाही, बाजू तपासली.

ती विहीर पाच-सहा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना बुजवली. आता तिला थोरली विहीर म्हणणारे थोडे आणि दोड्ड बावी म्हणणारेही थोडेच. माझ्या शाळेतल्या आजच्या मुलांना तर तिथे विहीर होती हेच ठाऊक नाही. दोन नावे एकमेकांशी भांडत राहिली असती तरी बरे होते. दोन्ही एकदमच गेली.

स्टाइन यांचा ग्रंथ मिटवताना माझ्या मनात शेवटी हा हिशेब उरला. सत्य आणि अंदाज वेगळे ठेवणारी शिस्त, लोकांच्या तोंडचे नाव जसेच्या तसे घेण्याचा विनय, आणि हललेल्या पाण्यामागे पुन्हा जाण्याची तयारी, हे या ग्रंथाचे देणे. ज्यांच्या हातांनी आणि ज्यांच्या तोंडून तो नकाशा झाला त्यांचा आवाज न येणे आणि गुहेपाशी भाषेने घेतलेली सूट, हे त्याचे ऋण. देणे मोठे आहे म्हणून ऋण विसरू नये आणि ऋण आहे म्हणून ग्रंथ बाजूला सारू नये. इंग्रजी येत असलेल्या प्रत्येक शिक्षकाने निदान केरिया नदीचे प्रकरण वाचावे. आता हा जुना ग्रंथ संगणकावरही उपलब्ध आहे.

गणपतीच्या सुट्टीत नववीच्या मुलांना मी एक काम दिले. आपापल्या गावातल्या पाण्याच्या जागा दाखवायच्या: विहीर, आड, तळे, ओढा, झरा. घरात जे नाव म्हणतात ते लिहायचे. दोन नावे असतील तर दोन्ही लिहायची, मराठी असो, कानडी असो, कोकणी असो. जे बुजले किंवा आटले त्याभोवती तुटक रेघ काढायची. आणि कडेला एक रकाना ठेवायचा: ‘नाव कोणी सांगितले’.

कागद आले आहेत. त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी आजीचे नाव आहे. मागच्या बाकावरच्या त्या मुलीच्या कागदावर तिच्या एका छोट्या वाडीत सात जागा आहेत आणि त्यांतल्या चार तुटक रेघेत. तिला मी अजून तकलामकानचे नीट उत्तर दिलेले नाही. दिवाळीनंतर शाळा उघडली की भूगोलाच्या शिक्षकांकडून एक तास मागून घेणार आहे.